छेदात दडलेली जोखीम

बँकांचे तिमाही निकाल लागले की एक वाक्य हमखास वाचायला मिळते: बँकेचे भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण नियमापेक्षा बरेच जास्त आहे, ठेवीदारांनी निर्धास्त राहावे. पहिला भाग बहुधा खरा असतो. दुसरा मात्र त्यातून निघत नाही. हे प्रमाण म्हणजे एक अपूर्णांक आहे: अंशात भांडवल, छेदात जोखमीनुसार मोजलेली कर्जे. सगळे त्याच्या अंशाकडे बघतात, पण जोखीम वाढते किंवा लपते ती छेदात.

मूळ कल्पना सरळ होती. कर्ज बुडाले तर आधी चाट बसावी ती मालकाच्या खिशाला, ठेवीदाराच्या नव्हे. १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती आणि त्यांतल्या बहुतेकांचे दिवाळे निघाले. पुढे जबाबदारी मर्यादित झाली, ठेवींना विमा आला, अडचणीत सरकारे धावून येऊ लागली आणि मालकांचा वाटा आटत गेला. १९७४ मध्ये कोलोनची हेरस्टाट बँक कोसळली, त्याच वर्षअखेरीस बँकांच्या देखरेखीसाठीची बाझल समिती स्थापन झाली. इथवरच्या कथेबद्दल फारसा वाद नाही.

वाद आहे तो १९८८ च्या बाझल करारापाशी. हे साल लोकांच्या लक्षात आहे ते किमान आठ टक्के भांडवलाच्या अटीसाठी. पण आठ टक्के कशाचे? बँकेच्या एकूण मालमत्तेचे नव्हे, तर प्रत्येक कर्जाला जोखीमभार लावून जी बेरीज येते तिचे. कारखान्याला दिलेल्या १०० कोटींवर पूर्ण भार, म्हणून भांडवल ८ कोटी. तेच १०० कोटी गृहकर्जात गेले तर भार निम्मा, भांडवल ४ कोटी. आणि ओईसीडी देशांच्या सरकारी रोख्यांत गेले तर भार शून्य, भांडवलही शून्य.

हेतू चांगलाच होता. परंतु भार एकदा छापून आला की बँक कर्जदाराआधी भार बघू लागते. एकेकटे गृहकर्ज सुरक्षित असेलही, पण सगळ्या बँका एकाच वेळी तिकडे वळल्या की घरांचे भाव फुगतात आणि ज्या तारणाच्या भरवशावर भार कमी ठेवला तेच तारण डळमळते. ग्रीसच्या रोख्यांवरही शून्य भार होता. २०१२ मध्ये खासगी धारकांना त्यांच्या दर्शनी मूल्यावर निम्म्याहून अधिक पाणी सोडावे लागले. त्या रोख्यांनी पोखरलेल्या सायप्रसच्या बँकांत पुढच्याच वर्षी मोठ्या ठेवींना कात्री लागली.

२००४ च्या दुसऱ्या बाझल कराराने याही पुढचे पाऊल टाकले: मोठ्या बँकांना स्वतःच्या गणिती प्रारूपांवरून भार ठरवायची मुभा मिळाली. ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेला ही परवानगी २००७ च्या उन्हाळ्यात मिळाली. तिचा मुख्य धंदा गृहकर्जांचा, त्यामुळे कागदावरची जोखीम घटली आणि भांडवल 'जादा' दिसू लागले. जुलैमध्ये बँकेने अंतरिम लाभांश ३० टक्क्यांनी वाढवला. त्या वेळी तिच्या दर शंभर पौंडांच्या मालमत्तेमागे भागधारकांचे दोन पौंडही नव्हते. ऑगस्टमध्ये घाऊक बाजारातली उधारी आटली, १४ सप्टेंबरला शाखांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. उधारीवरचे अवलंबन हे तात्कालिक कारण होते, हे मान्य. पण संकटाच्या तोंडावर मालकांचा पैसा बाहेर काढायला वाट करून दिली ती नियमानेच.

भारांचा हा परिणाम भारतातही दिसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या वैयक्तिक कर्जांवरील भार १०० वरून १२५ टक्के केला आणि या कर्जांची वाढ मंदावली. अंशाला हात न लावता केवळ छेद बदलून कर्जाचा ओघ वळवता येतो, तो असा.

तिसऱ्या बाझल कराराने २०१० मध्ये भार न लावता मोजायचे प्रमाणही आणले, पण किमान मर्यादा ठेवली अवघी तीन टक्के. भारतात ती साडेतीन, आणि सर्वांत मोठ्या बँकांसाठी चार टक्के आहे. ही मर्यादा फारच तोकडी आहे, ती वाढायलाच हवी. तोवर वाचकांनी एवढे करावे: आपल्या बँकेचा वार्षिक अहवाल हाती आला की ताळेबंदाचे पान उघडून भागभांडवल आणि राखीव निधीची बेरीज करावी, तिला एकूण मालमत्तेने भागावे, आणि उत्तर दोन-तीन टक्क्यांच्या घरात आले तर, भागधारक असल्यास, सर्वसाधारण सभेत उठून कारण विचारावे.