31 डिसेंबरच्या रात्रीची शिरगणती

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग 1995 पासून दरवर्षी देशातल्या तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. 2022 सालचा अहवाल डिसेंबर 2023 मध्ये आला. देशभरात 5,73,220 बंदी, त्यांच्यासाठी जागा 4,36,266, म्हणजे शंभरांच्या जागेत 131 माणसे, आणि दर चार बंद्यांपैकी तीन अजून खटला चालू असलेले, कच्चे कैदी, असे त्यात दिसले. महाराष्ट्रात सुमारे 41 हजार बंदी होते आणि त्यांतले जवळजवळ 33 हजार कच्चे. वर्तमानपत्रांनी हे आकडे छापले आणि विषय संपला. पण हे सगळे आकडे एका रात्रीचे आहेत. वर्षाच्या शेवटच्या तारखेला तुरुंगात जी गिनती होते, ती राज्याच्या मुख्यालयात आणि तिथून दिल्लीला जाते. त्या रात्री आत किती डोकी होती हे तिच्यातून नेमके कळते. तुरुंग माणसाकडून काय घेतो हे मात्र कळत नाही, कारण तुरुंग घेतो ते दिवस. म्हणून माझे म्हणणे असे की कारागृहांचे आकडे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने मोजणीचे मुख्य एकक बदलायला हवे. डोकी मोजावीतच, पण हिशेब दिवसांचा ठेवावा आणि तो लोकांपुढे मांडावा. जळगाव आणि धुळ्यासारख्या जिल्हा कारागृहांच्या बाबतीत तर याची गरज सर्वात जास्त आहे.

हतनूर धरणात अमुक तारखेला किती टक्के साठा आहे एवढेच सांगितले तर तापीकाठच्या माणसाचे समाधान होत नाही. आवक किती, विसर्ग किती, 41 पैकी किती दरवाजे उघडले, हे तो लगेच विचारतो, कारण नुकसान व्हायचे ते वाहत्या पाण्याने होते. तुरुंगाच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही. 2021 या एका वर्षात देशातल्या तुरुंगांत 18 लाखांहून अधिक लोक दाखल झाले; वर्षअखेरच्या रात्री मात्र आत साडेपाच लाख होते. दाखल झालेल्यांचा एकूण आकडा अहवालात असतो, पण चर्चा होते ती साठ्याची. आणि साठा मोजताना एक चूक आपोआप घडते. समजा, एका तुरुंगात दर आठवड्याला दहा माणसे आठवडाभरासाठी येतात आणि एक माणूस वर्षभरासाठी येतो. वर्षात एकूण 572 जण आत येतील. त्यांतले 520 आठवडाभरात बाहेर पडणारे. पण कोणत्याही एका रात्री मोजले तर आत 62 जण सापडतील, त्यांत वर्षभराचे 52 आणि आठवडाभराचे फक्त दहा. आत येणाऱ्यांत दहातले नऊ अल्पकाळाचे आणि गिनतीत सापडणाऱ्यांत सहातला एकच. यात कोणी खोटे लिहिलेले नाही, नोंदवही चोख आहे. तरीही त्या रात्रीच्या तक्त्यावरून ‘तुरुंगात कोण जाते’ याचे जे चित्र उभे राहते ते उलटे असते.

हे अल्पकाळाचे लोक खानदेशात कोण असतात याचा विचार करून पाहावा. किरकोळ मारामारी, चोरीचा आळ, दारूबंदीचा गुन्हा, चॅप्टर केस म्हणजे शांतताभंगाच्या शंकेवरून होणारी प्रतिबंधक कारवाई. न्यायालय जामीन देते, पण जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो किंवा तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणावा लागतो. ज्याच्या नात्यागोत्यात कोणाच्याही नावावर जमीन नाही, त्याला हे कागद जमेपर्यंत आत राहावे लागते. तो रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर असेल, कापूस वेचणाऱ्या टोळीतला असेल, नाहीतर कोणाच्या शेतावर सालदार असेल. सालदारकीचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होते आणि गैरहजेरीचा प्रत्येक दिवस मालकाच्या वहीत खाडा म्हणून लागतो. वर्षअखेरीला तेवढे पैसे कापले जातात. म्हणजे त्या माणसाने आत काढलेल्या वीस दिवसांचा हिशेब शेतमालकाकडे असतो, किराणा दुकानदाराच्या उधारीत असतो, घरी बायकोच्या तोंडपाठ असतो. ज्या शासनाने त्याला आत ठेवले त्याच्या प्रकाशित अहवालात मात्र तो 31 डिसेंबरपूर्वी सुटला असेल तर दाखल झालेल्यांच्या बेरजेतला एक आकडा तेवढा उरतो. त्याचे वीस दिवस कुठेच नसतात.

गर्दीचा प्रश्नही दिवसांचा हिशेब घातल्याशिवाय नीट समजत नाही. जळगावचे जिल्हा कारागृह 200 बंद्यांसाठी आहे आणि तिथे त्याच्या दुप्पट माणसे असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बराकीत प्रत्येकाला झोपण्यासाठी 3.71 चौरस मीटर, म्हणजे साधारण चाळीस चौरस फूट जागा हवी. माणसे दुप्पट झाली की वीस उरतात: सहा फूट लांब आणि जेमतेम सव्वातीन फूट रुंद पट्टी, तीही मधली वाट आणि संडासाकडचा कोपरा धरून. यावर ठरलेले उत्तर एकच असते, नवी इमारत बांधा. पण 1961 मध्ये जॉन लिटल या अमेरिकन गणितज्ञाने सिद्ध केलेला एक साधा नियम इथे लागू पडतो: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे रोज येणारे गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. रोज पाच जण येत असतील आणि सरासरी मुक्काम 80 दिवसांचा असेल तर आत 400 माणसे राहणारच. मुक्काम 40 दिवसांवर आला तर त्याच इमारतीत 200 उरतील, एकही वीट न रचता. उलट मुक्काम वाढतच राहिला तर आज बांधलेली नवी बराक काही वर्षांत तितकीच भरेल. मी इमारतींच्या विरोधात नाही. पडक्या भिंती आणि तुंबलेले संडास दुरुस्त झालेच पाहिजेत. पण मुक्कामाचा आकडा हाताशी नसताना बांधकामाचा निर्णय घेणे म्हणजे गुणाकारातल्या एका संख्येकडे पाठ फिरवणे आहे, आणि नेमकी तीच संख्या न्यायालये, पोलीस आणि कारागृह मिळून कमी करू शकतात.

कच्च्या कैद्यांच्या टक्केवारीबद्दलही सावध राहायला हवे, आणि इथे सुधारणावादी मंडळींनीही स्वतःला थोडे तपासावे. लांबची शिक्षा झालेला माणूस सहसा जिल्हा कारागृहात राहत नाही. त्याला नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात पाठवतात. त्यामुळे जळगाव-धुळ्यात कच्च्यांचे प्रमाण जास्त दिसणे स्वाभाविक आहे आणि नाशिकरोडशी त्याची तुलना करणे चूक. शिवाय शिक्षा होण्याचे प्रमाण घटले की पक्के कैदी कमी होतात आणि कच्च्यांची टक्केवारी आपोआप चढते. एकाही कच्च्या कैद्यावर जास्त अन्याय झालेला नसतो. उलटेही घडू शकते. टक्केवारी घसरली आणि खटले मात्र पूर्वीइतकेच रखडलेले, असे असू शकते. ‘75.8 टक्के’ हा आकडा भाषणात चांगला वाजतो, पण तो एका गुणोत्तराचा आकडा आहे. विचारायचे ते हे, की आज आत असलेल्या माणसाला निकालाविना किती दिवस झाले. अहवालात मुदतीनुसार एक तक्ता असतो आणि 2022 च्या शेवटी पाच वर्षांहून अधिक काळ निकालाविना आत असलेले 11 हजारांहून अधिक लोक त्यात दिसतात. हा तक्ता पहिल्या पानावर यायला हवा. पण तोही राज्यवार असतो. धुळ्याच्या वकिलाला वा न्यायाधीशाला त्यातून आपल्या जिल्ह्याचे काही कळत नाही.

धुळ्याचा तुरुंग मराठी माणसाला ठाऊक आहे तो 1932 मुळे. त्या वर्षी 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात विनोबांनी तिथे दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि सोबत शिक्षा भोगणाऱ्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. अठरा अध्याय, अठरा रविवार. या गोष्टीकडे आपण भक्तिभावाने पाहतो, पण तिच्यात एक कोरडी वस्तुस्थितीही आहे: विनोबांना सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. आपण कधी सुटणार हे त्यांना माहीत होते, म्हणून इतके रविवार हाताशी आहेत आणि त्यांत अमुक पुरे करायचे, अशी आखणी शक्य झाली. परक्या सरकारने दिलेल्या अन्यायी शिक्षेलाही शेवटची तारीख होती. आजच्या कच्च्या कैद्याला ती नाही. त्याच्याकडे असते फक्त पुढची तारीख, आणि ती पोलीस बंदोबस्त मिळाला नाही, साक्षीदार आला नाही, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग लागले नाही म्हणून पुढे जाते. बाहेर घर चालवणाऱ्यांनाही कर्ज किती महिन्यांचे काढावे, पोराला शाळेतून काढावे की नाही, हे ठरवता येत नाही. शिक्षा झालेल्यापेक्षा शिक्षा न झालेल्याचा काळ जास्त अनिश्चित असावा, ही गोष्ट मला कोणत्याही गर्दीच्या आकड्याहून गंभीर वाटते.

आणि आता कायदाच दिवस मोजतो आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम 436अ 2006 मध्ये लागू झाले: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की कच्च्या कैद्याला जामिनाचा मार्ग मोकळा. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्यांसाठी ही मुदत एक तृतीयांशावर आणली आणि मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली. हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. त्याआधी 31 जानेवारी 2023 च्या आदेशात याच न्यायालयाने सांगितले होते की जामीन मंजूर झाल्याची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राची 2023 ची योजनाही आहे; ती आली तेव्हा मर्यादा 40 हजार रुपयांची होती. म्हणजे हक्क आहे, निधी आहे, आदेश आहे. हे सगळे ज्या एका वजाबाकीवर अवलंबून आहे, आजची तारीख वजा दाखल झाल्याची तारीख, ती रोज प्रत्येक बंद्यासाठी कोणीतरी करायला हवी. ही कारकुनी नव्हे. त्या वजाबाकीत दोन दिवसांची चूक म्हणजे कोणाचे तरी दोन दिवस बेकायदा आत जाणे.

यावर कोणी म्हणेल की सांख्यिकी अधिकाऱ्याने तटस्थ असावे, सुटकेची वकिली करू नये. तटस्थता मलाही हवी आहे. पण काय मोजायचे हे ठरवले की अर्धा निर्णय झालेलाच असतो. 2022 मध्ये देशाच्या तुरुंगांत 1,995 बंद्यांचा मृत्यू झाला आणि त्यांतले 1,773 ‘नैसर्गिक’ या सदरात आहेत. क्षयरोगावर वेळेत औषध न मिळालेला माणूसही याच सदरात बसतो. सदर कोणते ठेवायचे हे कोणीतरी ठरवले. तटस्थ दिसणारा तक्ताही कोणाच्या तरी निवडीतूनच आला. संयुक्त राष्ट्रांनी 1994 मध्ये शासकीय आकडेवारीची मूलभूत तत्त्वे ठरवली आणि भारत सरकारने 2016 मध्ये ती स्वीकारली. आकडे नागरिकांचा माहितीचा हक्क पुरा करण्यासाठी असतात, असे ती सांगतात. इंग्लंडमध्ये तुरुंगांतली संख्या दर आठवड्याला प्रसिद्ध होते. त्यामुळे तिथले तुरुंग चांगले झाले असे मी म्हणणार नाही, पण तिथे गर्दीवर वाद होतो तो चालू आठवड्याच्या आकड्यावर. दुसरा आक्षेप असा की दिवस मोजत बसलो तर गुंड मोकळे सुटतील. पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना 479 चा लाभच नाही, आणि मोजणी कोणालाही सोडत नाही, सोडते न्यायालय. मोजणीअभावी मात्र माणूस आत राहतो.

जातीचा प्रश्न जास्त कठीण आहे. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामे वाटणारे तुरुंगांचे नियम रद्द केले आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले; पुढे राष्ट्रीय आकडेवारीच्या संकलनाला याची आडकाठी नाही हेही स्पष्ट केले. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. बराकीच्या दारात बसलेल्या शिपायाला बंद्याची जात कळण्याचे काही कारण नाही. पण 2011 च्या जनगणनेनुसार ज्या धुळे जिल्ह्यात जवळजवळ एक तृतीयांश लोक आदिवासी आहेत, तिथे भिल्ल किंवा पावरा माणूस जामीन मिळूनही इतरांपेक्षा जास्त दिवस आत राहतो का, हे कळलेच पाहिजे. पारध्यांसारख्या, एकेकाळी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा तर राष्ट्रीय अहवालात वेगळा रकानाच नाही. कारागृहात नोंद नको आणि अभ्यासात नोंद हवी, हे साधता येते: माहिती नावापासून तोडून, दुसऱ्या कार्यालयात, बेरजेच्या रूपात ठेवून.

सुरुवात जळगाव आणि धुळ्याच्या कारागृहांपासून करता येईल. दोन्ही जिल्ह्यांत सांख्यिकी कार्यालये आहेत. पाऊस, पिके, गुरेढोरे यांचे आकडे ती दरवर्षी जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात छापतात. त्यांच्याकडून दर महिन्याला एक पान निघावे. महिन्यात किती आले, किती सुटले. सुटलेल्यांपैकी निम्मे किती दिवसांच्या आत सुटले. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटल्यावरही आत किती. 479 ची मुदत किती जणांची भरली आणि किती अर्ज गेले. किती तारखांना बंदी न्यायालयापुढे हजरच झाला नाही. हे पान कच्च्या कैद्यांच्या जिल्हा आढावा समितीला जावे, वकील संघाच्या फलकावर लागावे. महिला बंद्यांची संख्या जिल्ह्याच्या ठिकाणी इतकी लहान असू शकते की महिन्याच्या आकड्यावरून माणूस ओळखू येईल. त्यांचे आकडे महिन्याऐवजी वर्षाचे एकत्र द्यावेत, आणि तसे का केले हे त्याच पानाखाली लिहावे.