विश्वास नसताना बोलावे का?



भारत-पाकिस्तान चर्चेचा विषय निघाला की आपल्या उमरीतही विचारतात, विश्वास नाही त्यांच्याशी बोलायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला बस गेली, उन्हाळ्यात कारगिल झाले. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. ज्यांची माणसे गेली त्यांना ‘विसरा’ म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

पण त्याच २००८ च्या मे महिन्यात एक करार झाला होता. दरवर्षी १ जानेवारी व १ जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतील एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. मे २०२५ मध्ये क्षेपणास्त्रे डागली गेली, तरी १ जुलैला याद्या दिल्याच! गुजरातच्या बोटींवर पोटासाठी गेलेले आपल्या पालघरचे गरीब खलाशीही तिकडच्या तुरुंगात पडले आहेत. समुद्रावर हद्दीची रेघ कुठे दिसते?

आधी विश्वास, मग बोलणे, असा क्रम आपण धरतो. यादीला विश्वास लागत नाही; नावे पडताळता येतात, खोटे पकडता येते. मोठी बोलणी लवकर होतील असे आम्हांस वाटत नाही. मात्र शिक्षा भोगून झालेल्या खलाशाची सुटका नागरिकत्वाच्या एका कागदावर अडते, आणि तो कागद दोन्हीकडचे अधिकारी बोलल्याशिवाय हलत नाही.