तुपाचा हिशोब

चरबी उतरवताना व्यायामाचा हिशोब उलटा होतो. रोज साधारण 500 कॅलरी कमी खायच्या, वजनाच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन घ्यायचं आणि बारवरचं वजन मात्र शक्यतो उतरू द्यायचं नाही. सेट कमी केले तरी चालतात, पण वजनच हलकं केलं तर चरबीबरोबर स्नायूही जायला लागतात. म्हणजे महिनोन्‌महिने घाम गाळायचा, तो आहे तेवढं टिकवायला. हे मला पटलं होतं.

अडलं ते तुपाशी. छोटा चमचाभर तूप म्हणजे 5 ग्रॅम, 45 कॅलरी. आधी कोरडी पोळी, मग तूप लावलेली, अशी मी आईदेखत काट्यावर ठेवली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोळ्या कोरड्या आल्या.

शरीर माझं, निर्णय माझा, हे कबूल. पण 25 वर्षं जे तिच्या हाताच्या अंदाजावर पोसलं गेलं, त्याबद्दल 'माझं' हा शब्द इतक्या सहज वापरता येतो का? (कोरडी पोळी घशाखाली उतरत नाही, हा भाग वेगळा.)

हल्ली मी तूट दिवसाची नाही, आठवड्याची धरतो. रविवारी काटा कपाटात असतो. तरी तूप वाढताना ती विचारतेच, "चालेल ना?"