नावेतील दर्शन आणि अर्धे फळ

काशीला गंगा उत्तरवाहिनी होते आणि असीपासून वरुणासंगमापर्यंत तिच्या पश्चिम तीरावर घाटांची जी चंद्रकोरीसारखी रांग पसरली आहे, तिचे तोंड पूर्वेकडे, म्हणजे पाण्याकडे असल्यामुळे या नगराचे संपूर्ण रूप गल्ल्यांतून कधीच दिसत नाही, ते नावेतूनच दिसते. पर्यटकांचा नौकाविहार हा म्हणून काही उपरा प्रकार ठरत नाही. असी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका या पाच ठिकाणी क्रमाने स्नान करण्याची जी ‘पंचतीर्थी’ नावाची जुनी यात्रा आहे, तीही अनेक भाविक नावेनेच करीत आले आहेत. मार्ग एक, नाव एक, समोरचे दृश्यही एकच. मग एकाचे पाहणे दर्शन आणि शेजारी बसलेल्याचे पाहणे केवळ प्रेक्षण, हा भेद कशाच्या आधारावर करायचा?

धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि तो आजच्या तक्रारखोर टीकाकारांपेक्षा अधिक उदारपणे केला आहे. श्रुतिस्मृतिपुराणांतील विखुरलेली वचने एकत्र करून त्यांतील विरोध मिटविणाऱ्या ग्रंथांना निबंधग्रंथ म्हणतात. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा अशांपैकी एक प्रमुख ग्रंथ असून त्याचे कर्ते, सोळाव्या शतकातील नारायणभट्ट, हे पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वरभट्टांचे पुत्र होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थयात्रेची जी सविस्तर चर्चा केली आहे, तीवरून दिसते की पायी जाण्याला सर्वाधिक पुण्य, वाहनाने जाण्याला कमी, आणि बैलगाडीने जाण्याला तर पुण्याऐवजी दोषच, अशी बारीक प्रतवारी शास्त्रकारांनी लावली होती. तीर्थविषयक वचनांत याहून बोलका एक नियम आहे: जो दुसऱ्यासाठी यात्रा करतो त्याला फळाचा सोळावा हिस्सा, आणि जो अन्य कामाच्या प्रसंगाने तीर्थास पोचतो त्याला अर्धे फळ. व्यापाराला आलेला आणि सहज डोकावलेला माणूस शास्त्रकारांना ठाऊक होता, आणि त्यांनी त्याला हाकलून न लावता निम्म्यावर आत घेतले.

या अर्ध्याच्या मागे दोन विचारांची तडजोड दिसते. तीर्थाच्या ठायी स्वतःचेच सामर्थ्य असते, ज्याला वस्तुशक्ती म्हणता येईल, आणि अग्नीला नकळत हात लागला तरी तो भाजतोच, तसे गंगेचे पाणी स्पर्श करणाऱ्याचा हेतू विचारीत नाही, हा एक पक्ष. कर्माला फळ येते ते संकल्पामुळे, म्हणजे अमुक कर्म अमुक हेतूने करीन अशा निश्चयामुळे, आणि ज्याचे हात, पाय व मन संयमित आहे त्यालाच तीर्थ फळते, हा दुसरा. पहिला पक्ष पूर्णपणे मानला तर यात्रेच्या व्रतनियमांना अर्थ उरत नाही, आणि दुसरा पूर्णपणे मानला तर स्थळाला.

आजचा खरा पेच मात्र प्रेक्षकाच्या हेतूपेक्षा त्याच्या जागेचा आहे. दशाश्वमेध घाटावर रोज संध्याकाळी जी मोठी गंगा-आरती होते, तिचे आजचे भव्य, नियोजित स्वरूप गेल्या काही दशकांतले आहे. पुजारी चौरंगावर उभे राहून नदीकडे तोंड करतात. घाटावर मागे बसलेल्यांना त्यांची पाठ दिसते, आणि काठाशी एकमेकींना खेटून लावलेल्या नावांतून त्यांचे चेहरे व ज्योतींची पिरॅमिडसारखी दीपमाळ समोरून दिसते. देवता जेथे आहे तेथे, तिच्या आणि पूजकाच्या मध्ये, भाडे देऊन प्रेक्षक बसला आहे. पूजेत देवतेने भक्ताकडे पाहणे हाही दर्शनाचाच भाग मानला जातो. येथे ते पाहणे प्रेक्षकाच्या वाट्याला येते, आणि पूजा त्याच्या सोयीने हळूहळू उंच चौरंग, ध्वनिवर्धक आणि ठरलेल्या वेळा स्वीकारते. यात अपवित्र काही घडते असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण पाहणारा बदलला की पाहिले जाणारेही बदलते, हे मान्य करावे लागते.

मणिकर्णिकेचे तसे नाही. तेथे चिता रात्रंदिवस जळतात, आणि काशीत मरणाऱ्याच्या कानात स्वतः शिव तारक मंत्र सांगतो या श्रद्धेमुळे मृत्यूचा शोक गुप्त ठेवण्याची प्रथा कधीच नव्हती; तेथील मृत्यू उघड्यावरचा आहे. त्यामुळे नावेतून चिता पाहणे हेच अशिष्ट, हा आक्षेप परंपरेच्या आधाराने टिकत नाही. टिकतो तो इतकाच की, छायाचित्र काढू नये हा तेथील संकेत मोडणारा माणूस त्या उघडेपणाचा गैरफायदा घेतो, कारण पाहणाऱ्याला चितेसमोर स्वतःचेही मरण आठवते, तर छायाचित्रात उरते ते फक्त दुसऱ्याचे. अशा प्रवाशाला शास्त्राने देऊ केलेले अर्धे फळही मिळू नये.