शब्द नसलेल्या संगीताचे परकेपण

केवळ वाद्ये वाजवणारा एखादा रॉकसमूह परदेश दौऱ्यावर निघाला की त्याच्या मैफलींविषयी एक समजूत हमखास मांडली जाते, ती अशी की गाण्यात शब्दच नसल्यामुळे भाषेचा अडसर उरत नाही आणि संगीत थेट कोणाच्याही काळजाला भिडते. टोकियोत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आणि कारकिर्दीचा मोठा भाग युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यांत घालवलेल्या ‘मोनो’ या समूहाच्या संदर्भात ही समजूत किती उथळ आहे हे विशेष स्पष्ट होते. ‘मोनो’ची गणना पोस्ट-रॉकमध्ये होते, सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये रूढ केलेली ही संज्ञा रॉकचीच वाद्ये वापरणाऱ्या, परंतु कडवे-धृपदाची बांधणी सोडून ध्वनीचा पोत आणि त्याचे चढउतार यांवर उभ्या राहणाऱ्या संगीताला लावली जाते. हळुवार सुरांतून गडगडाटाकडे जाण्याचा आता साचा झाला आहे, हा आक्षेप खरा असला तरी गौण आहे, कारण साच्यावाचून कोणतीच शैली उभी राहत नाही.

खरा प्रश्न विश्वभाषेच्या दाव्याचा आहे. शब्दांचा अभाव पुरेसा असता, तर १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवून घेताच, म्हणजे वादन सुरू होण्यापूर्वीच, श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या नसत्या. तेथे सदिच्छेची वाण नव्हती आणि शब्दही आड येत नव्हते; उणीव होती ती कोठे सुरुवात होते हे ओळखणाऱ्या कानाची. त्याच शहरात २००९ मध्ये वाद्यवृंदासह वाजवणाऱ्या ‘मोनो’समोर असा कान हजर होता, कारण टोकियोच्या या वादकांची सांगीतिक बोली ग्लासगोचा ‘मोग्वाय’, मॉन्ट्रियलचा ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ अशा समूहांनी पाश्चात्त्य श्रोत्याच्या आधीच अंगवळणी पाडलेली होती. म्हणून अडसर मुळात नसणे आणि तो कोणीतरी आधीच ओलांडलेला असणे, या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

हा भेद प्रत्यक्ष मैफलीत सर्वाधिक जाणवतो. खुर्च्यांवर बसलेले ‘मोनो’चे दोन्ही गिटारवादक एकच स्वरावली दीर्घकाळ घोळवत राहतात, आणि बहुधा उभ्याने ऐकणारा श्रोतृवर्ग तेवढा वेळ बोलणे थांबवून धीर धरतो. हा धीर उपजत नसून पूर्वीच्या श्रवणातून कमावलेला असतो, आणि तो नसेल तर पुढचा स्फोट निव्वळ गोंगाट ठरतो. मुद्रित संगीत मधेच थांबवता येते, मैफलीत मात्र वादकांचा काळ श्रोत्यांना पुरता सोसावा लागतो.

विश्वभाषेचे कौतुक वरकरणी उदार वाटते, पण त्यात अन्याय दडलेला आहे. दुसऱ्यांची बोली आत्मसात करण्याचे सारे श्रम टोकियोच्या वादकांनी केले आणि श्रेय मात्र संगीताच्या निसर्गसिद्ध सार्वत्रिकतेला मिळाले. हीच माणसे जपानी गागाकूची, म्हणजे प्राचीन दरबारी वाद्यसंगीताची, लयकल्पना घेऊन त्याच सभागृहांत गेली असती, तर शब्द तेव्हाही नसते, पण भाषेचा अडसर नाही असे लिहिण्यास किती समीक्षक धजावले असते?