निष्ठा कोणाशी? : खेळांची पुनर्निर्मिती आणि मूळ कृतीच्या उणिवा

एखाद्या कृतीवर प्रेम करणारा माणूस ती कृती पुन्हा घडवू लागतो, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न कौशल्याचा नसतो, अधिकाराचा असतो. मूळ कृतीतील जी उणीव त्याला वर्षानुवर्षे सलत आली, ती दूर करण्याचा अधिकार त्याला आहे काय? आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे पुढच्यांना बजावले. शुद्ध करणे वेगळे, भर घालणे वेगळे. हस्तलिखिताच्या बाबतीत ही रेषा निदान तत्त्वतः तरी आखता येते, कारण लेखनिकाचा प्रमाद कवीचा नसतो. पण उणीव खुद्द निर्मात्याची, किंवा त्याच्या हाती असलेल्या साधनाची असेल तर?

या प्रश्नाचे एक विलक्षण स्वच्छ उदाहरण व्हिडिओ खेळांच्या क्षेत्रात सापडते. साहित्यसमीक्षेच्या पानांत ते काहींना अस्थानी वाटेल. परंतु संहितेविषयीचे प्रश्न ती कागदावर आहे की पडद्यावर, यावर अवलंबून नसतात, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

‘मेट्रॉइड टू : रिटर्न ऑफ सेमस’ हा खेळ निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९१ मध्ये ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढला. उड्या मारीत, एका पायरीवरून दुसरीवर जात पुढे सरकण्याच्या ‘प्लॅटफॉर्म’ प्रकारातला हा खेळ. सेमस अरन ही चिलखतधारी स्त्री एका परग्रहाच्या पोटात उतरते. तिला दिलेली कामगिरी एकच : मेट्रॉइड नावाच्या जीवजातीचा समूळ संहार. उरलेल्या जीवांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसत असतो. आरंभी तो ३९ असतो. एका टापूतले सर्व जीव मेले की जमीन हादरते, वाट अडवणारे आम्ल ओसरते आणि आणखी खाली उतरता येते. अखेरीस जातीची राणी मरते. त्यानंतर शेवटच्या अंड्यातून एक पिल्लू बाहेर पडते आणि सेमसलाच आई समजून तिच्यामागे येऊ लागते. ती त्याला मारीत नाही. परतीच्या वाटेवर शत्रू नाहीत, लढाई नाही. केवळ तिलाच न हटणारे अडथळे ते पिल्लू खाऊन दूर करते, आणि दोघे यानापर्यंत पोहोचतात.

आता साधनाकडे पाहू. गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, रंगांच्या नावाने करड्याच्या चार छटा. हे दारिद्र्य जाणूनबुजून पत्करलेले होते. यंत्राचे जनक गुन्पेई योकोई स्वस्त, मुरलेल्या तंत्राचा कल्पक उपयोग करावा या मताचे होते, आणि प्रस्तुत खेळाच्या निर्मितीची धुराही त्यांच्याकडेच होती. एवढ्याशा पडद्यावर सेमसची आकृती मोठी काढल्यामुळे भोवतालचा प्रदेश फारच थोडा दिसतो. नकाशा नाही. गुहा एकमेकींसारख्या. संगीत कित्येकदा संगीत म्हणावे की नाही असे, तुटक किरकिरणारे. खेळाडू वारंवार हरवतो.

याच दारिद्र्यातून जन्मलेला एक तपशील मला फार बोलका वाटतो. १९८६ च्या पहिल्या खेळात सेमसने अधिक बळकट चिलखत चढवले की तिचा रंग बदलत असे. करड्या छटांत रंग कोठून आणणार? म्हणून दुसऱ्या खेळात त्या चिलखताला मोठे गोल खांदे दिले गेले. ते खांदे पुढे सेमसची ओळखच बनले. रंगीत पडदे आले, खांदे मात्र राहिले. अडचण होती तोवर ते अडचणीवरचे उत्तर होते. अडचण सरल्यावर ते तिचे रूप झाले. कोणता चाहता आज ते काढून टाकील?

मिल्टन ग्वास्ती या अर्जेंटिनातील चाहत्याने जवळजवळ दहा वर्षे खपून हा खेळ नव्याने घडवला आणि ६ ऑगस्ट २०१६ रोजी, मालिकेच्या तिसाव्या वर्षी, तो विनामूल्य खुला केला. ‘अनदर मेट्रॉइड टू रिमेक’ या नावातच ‘आणखी एक’ अशी विनम्र कबुली आहे. खांदे त्याने अर्थातच ठेवले. पण रंग आणले, दृष्टीचा आवाका वाढवला, नकाशा दिला, कड्याला हाताने लोंबकळण्याची सोय दिली, संगीत भरदार केले. काही नवे भाग आणि नवे प्रतिस्पर्धीही घातले. म्हणजे येथे शुद्धीकरण आहे आणि स्वतःची ओवीही आहे.

येथे एक शंका उपस्थित होते. उणिवा काय सगळ्याच पवित्र मानायच्या? तसे मुळीच नाही. मॅथ्यू स्मिथचा ‘जेट सेट विली’ (१९८४) हा ब्रिटिश खेळ घ्या. त्यातील माळ्याच्या खोलीत शिरले की एका बाणाचा मार्ग पडद्याच्या स्मृतीबाहेर जाऊन खेळाचीच माहिती पुसून टाकी आणि पुढे काही खोल्यांत पाय ठेवताच मरण येई. प्रकाशकांनी आधी सांगितले की त्या खोल्यांत विषारी वायू आहे, हे मुद्दामच केले आहे. नंतर ते विधान मागे घेऊन दुरुस्तीचे आकडे प्रसिद्ध केले. ही चूक आहे, तिला अर्थ नाही, आणि ती दुरुस्त करणाऱ्याने कोणाचाही अपराध केलेला नाही. (विषारी वायूचे ते समर्थन वाचताना आपल्याकडच्या काही प्रस्तावनांची आठवण होते, ते असो.)

नकाशाचा अभाव मात्र या जातीचा नाही. निर्मात्यांना नकाशा द्यायचा होता आणि जमला नाही, असे क्षणभर धरले तरी फरक पडत नाही. प्रश्न त्यांच्या मनात काय होते हा नाही. कृतीने त्या अभावाचे काय केले हा आहे. हरवलेला, नीट न दिसणारा, परतीची वाट न सुचणारा मनुष्य एका जातीचा संहार करीत खाली उतरतो आहे. ज्या प्रदेशात तो मारेकरी आहे, तो त्याचा नाही, हे त्याला पावलोपावली कळते. नकाशा हाती आला की तोच प्रदेश त्याच्या ताब्यात येतो आणि हत्या ही कामाची यादी होते. कोपऱ्यातला ३९ चा आकडा मूळ खेळातही हिशेबच मांडतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण आंधळेपणाने चालवलेला हिशेब आणि पूर्ण पाहून चालवलेला हिशेब यांची नैतिक चव एक नव्हे. ग्वास्तीच्या कृतीत हे हरवले आहे, आणि ती मन लावून खेळणाऱ्यानेही ते मान्य करावे.

तरीही मी त्या कृतीला निष्ठावंत म्हणेन, ते तिच्या शेवटामुळे. इतकी भर घालणारा हात परतीच्या वाटेवर आवरला. तेथे नवे युद्ध नाही. पिल्लू आहे, आणि चालणे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेन्डोनेच याच खेळाची अधिकृत नवी आवृत्ती ‘मेट्रॉइड : सेमस रिटर्न्स’ या नावाने काढली. तीत यानाजवळ पोहोचता पोहोचता रिडली हा मालिकेतील जुना वैरी उभा केलेला आहे आणि अखेर त्याच्याशी घनघोर लढाई होते. मालिकेच्या पुढील कथेशी ते जुळते, कारण १९९४ च्या खेळात हाच रिडली ते पिल्लू पळवतो. कथेचा सांधा जुळला, शांततेचा मोडला. शस्त्र खाली ठेवण्यात ज्या कृतीचा सगळा अर्थ होता, तिच्यात मालकाने शस्त्र पुन्हा हाती दिले.

मालकी आणि निष्ठा येथे उघडच वेगळ्या झाल्या. ग्वास्तीचा खेळ प्रसिद्ध होताच काही दिवसांतच कंपनीने कायद्याच्या आधारे तो उतरवण्यास भाग पाडले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने काम थांबवले. कंपनीचा कायदेशीर हक्क मी नाकारीत नाही. पात्र तिचे, नाव तिचे. शिवाय तिची स्वतःची आवृत्ती त्या वेळी घडत होती. परंतु हक्क असणे म्हणजे कृतीचे मर्म जाणणे असे गृहीत धरून आपण बोलतो, त्या गृहीतकाला हा प्रसंग धक्का देतो. उलट चाहत्याचे प्रेम हेही मर्म जाणल्याचे प्रमाण नव्हे. नकाशाने ते दाखवलेच.

एका बाबतीत ही पुनर्निर्मिती भित्तिचित्र खरवडून रंगवणाऱ्यापेक्षा सुदैवी आहे. ती मूळ कृतीला स्पर्श करीत नाही. १९९१ चा खेळ फेब्रुवारी २०२३ पासून निन्टेन्डोच्या सदस्यसेवेत पुन्हा खेळता येऊ लागला, तसाच करडा, तसाच नकाशाविना. म्हणून ग्वास्तीच्या कृतीला मी पाठभेद न म्हणता टीका म्हणेन, आपल्या जुन्या अर्थाने : मूळ शेजारी ठेवून वाचायची. ग्वास्ती पुढे एका व्यावसायिक संस्थेत खेळांची रचना करू लागला. त्याने थांबवलेले काम इतर चाहत्यांनी हाती घेतले, आणि तेही तो नकाशा काढून टाकायला काही तयार नाहीत.