ओवीचा चौथा चरण

आजी दुपारी ज्ञानेश्वरी वाचायची तेव्हा तिचं बोट ओळीवरून सरकायचं आणि चौथ्या चरणाशी थांबायचं. तीन चरण यमकात बांधलेले, चौथा आखूड, त्याला यमक नाही. "ही ओळ अर्धीच का गं?" असं मी विचारलं. "दम घ्यायला," आजी म्हणाली आणि पुढची ओवी धरली. जन्मभर जातं ओढलेली बाई. खुंट्याची ओढ कुठे सरते ते तिच्या खांद्याला ठाऊक होतं.

पुढे कीर्तनांतून भारदस्त उत्तर कानी आलं. ओवी साडेतीन चरणांची, कारण ओंकार साडेतीन मात्रांचा. देहही साडेतीनच हात. ऐकायला गोड, पण मला ते कधी पुरतं पटलं नाही. मांडूक्य उपनिषदात अ, उ, म या तीन मात्रा म्हणजे जागृती, स्वप्न, सुषुप्ती. चौथा पाद अमात्र, तिथे उच्चारच नाही. सप्तशतीतली अर्धमात्राही उच्चारता न येणारीच. ओवीचा चौथा चरण मात्र खणखणीत ऐकू येतो. पुष्कळदा वाक्याचं क्रियापदच त्यात येऊन बसतं. तो गाळला तर अर्थ लटकतो. मग त्याला अर्धमात्रा कसं म्हणायचं?

मला वाटतं, ती असलीच तर चरण संपल्यावरच्या गप्प जागेत आहे. तीन यमकांनी कानाला सवय लागते, तो चौथ्याची वाट पाहतो आणि ओळ लवकर संपते. ती जागा शब्दांनी सांगता येत नाही, पण शब्द आखडल्याशिवाय ती तयारही होत नाही. चारही चरण सारखे भरले असते तर कान निवांत पुढे गेला असता. म्हणजे आजीचं उत्तर आणि मांडूक्याचं उत्तर मला वाटत होतं तितकी लांब नव्हती. दम घेतानाही माणूस गप्पच असतो. (हे मी तिला सांगितलं असतं तर ती हसली असती.)

आमच्याकडच्या सप्ताहात ही जागाच उरत नाही. शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत संपवायच्या, म्हणजे रोज जवळपास 1,300. सहा तास बसलं तरी मिनिटाला साडेतीनच्या वर पडतात. हा साडेतीनही कुणी ओंकाराला जोडेल! माईकवरचा आवाज चौथा चरण संपायच्या आत पुढची ओवी उचलतो, आणि त्याला गाठताना आम्ही सगळे धापा टाकतो. मी व्यवस्थापकांना एकदा बोलून पाहिलं. "मग नवव्या दिवशी काला करायचा का?" असं त्यांनी विचारलं. त्यांचंही बरोबर होतं.

यंदा मी सप्ताहाला बसले नाही. घरी रोज वीस ओव्या वाचते, आजीसारखं बोट ठेवून. या गतीने सव्वा वर्ष लागेल. सध्या सहावा अध्याय चालू आहे.